जुन्या गाडीचा मंद दिवा आणि वाटेत हरवलेले व्होल्ट

महिंद्राची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, या दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यात घडल्या, आणि त्या पिढीच्या, तसेच तिच्याही आधीच्या कमांडर, आर्मडासारख्या गाड्या निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत अजूनही माणसे आणि भाजीपाल्याचे क्रेट वाहताना दिसतात. त्यांची डिझेल इंजिने गावच्या गॅरेजात उघडून पुन्हा उभी करता येतात. मात्र गाडी रात्री कसारा घाट उतरू लागली आणि वर पावसाळी धुके असले, की हेडलाइटचा पिवळट उजेड रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. त्यावर सहसा बल्ब बदलला जातो, मग बॅटरी बदलली जाते, आणि तरीही फरक पडला नाही तर जास्त वॅटचा बल्ब बसवला जातो. दोष मात्र बहुतेकदा या दोहोंतही नसतो; तो त्यांना जोडणाऱ्या वाटेत असतो, आणि ती वाट तपासण्याची रीत समजली तर पुष्कळसा खर्च टळतो.

मोटारगाडीत दिव्याकडे वीज नेण्यासाठी वायर असते, पण दिव्यातून बॅटरीकडे परतणारी वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून वाहते, कारण बॅटरीचे ऋण टोक जाड केबलने सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. दिव्याची परतीची छोटी वायर जवळच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते. या जोडाला गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात. गाडी नवी असताना ही व्यवस्था निर्दोष चालते, परंतु वीस वर्षांत त्या बोल्टखाली गंज चढतो, पत्र्याच्या कामानंतर रंगाचा थर बसतो, आणि वायरच्या टोकाची पितळी कडी हिरवट पडते. नाशिक जिल्ह्यात याला हवामानाचा आणि शेतीचाही हातभार लागतो: इगतपुरीकडे पावसाळ्यात महिनोन् महिने हवेत ओल असते, गाडीतून नेलेल्या खताच्या गोणीतून सांडलेले दाणे ती ओल धरून पत्रा कुरतडतात, आणि द्राक्षबागेत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद गाडीत सांडले, तर ते लोखंडावर तांब्याचा थर बसवून खालचे लोखंड खात जाते.

हा गंज किती उजेड खातो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. प्रचलित हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट; १२ व्होल्टवर डिपरची तार सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेते. अर्थच्या जोडात अवघा ०.२ ओहम रोध निर्माण झाला, तर तेथे सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. ही घट किरकोळ वाटेल, परंतु बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, तर त्याहून पुष्कळ झपाट्याने कमी होतो, आणि एवढ्याशा घटीने जवळपास पाव हिस्सा उजेड नाहीसा होतो. दोन-सव्वादोन व्होल्ट हरवले तर जेमतेम निम्मा उरतो.

येथेच नेहमीची तपासणी फसते. होल्डर काढून मीटर लावला की पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर नगण्य प्रवाह ओढतो आणि वायरच्या पंधरा-वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तेवढ्यावर त्याचे भागते. म्हणून मोजणी दिवा पेटलेला असतानाच करावी लागते. होल्डर बल्बवर ठेवून मागच्या बाजूने मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल सुई बल्बच्या अर्थच्या पट्टीवर टेकवली, की परतीच्या वाटेत हरवणारे व्होल्ट थेट पडद्यावर उमटतात. मग लाल सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी बल्बच्या पेटत्या पट्टीवर ठेवली, की जाण्याच्या वाटेतली घट कळते. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आसपास घट असेल तर ती वाट ठीक समजावी. एक व्होल्टच्या घरात आकडा गेला, तर बोल्ट सोडून, पत्रा चकाकेपर्यंत घासून, कडी नवी बसवून आणि जोड आवळल्यानंतर वर पेट्रोलियम जेली लावून काम भागते. या दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाही, आणि तरीही सर्वांत आधी व्हायला हवी ती हीच गोष्ट सर्वांत शेवटी होते.

लक्षणांवरूनही बराच अंदाज बांधता येतो. एकच दिवा मंद असेल तर दोष त्याच्या होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये शोधावा. ब्रेक दाबताच मागचे इंडिकेटर मंद पेटू लागले तर मागच्या दिव्यांचा अर्थ सुटलेला असतो आणि वीज दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट काढत असते. रेस दिल्यावर दोन्ही दिवे उजळत असतील तर आल्टरनेटर, ज्याला अनेक जण अजूनही डायनामो म्हणतात, त्याचा पट्टा आणि चार्जिंग पाहावे: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत, आणि आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडून बल्ब वारंवार जातात. यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज जवळपास उरत नाही, त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी गाडी दिवसभर बिनतक्रार धावते आणि तो दोष अंधार पडल्यावर उघड होतो. निफाडला जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो, तेव्हा अशी अर्धी रिकामी बॅटरी पहाटे सेल्फही फिरवू शकत नाही.

जास्त वॅटच्या बल्बचा मोह टाळावा, हे आग्रहाने सांगायला हवे. १०० वॅटचे दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात. मूळ वायर आणि स्टिअरिंगजवळचा स्विच त्यासाठी बनवलेले नसतात, आणि होल्डर वितळण्यापासून वायरिंग पेटण्यापर्यंत काहीही घडू शकते. मूळचेच बल्ब ठेवून रिले बसवणे हा खरा उपाय. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच: जुन्या स्विचमधून फक्त त्याला चेतवणारा क्षीण प्रवाह जातो, आणि दिव्याचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून जाड वायरने, बॅटरीलगतच्या फ्यूजमधून, जवळच्या वाटेने पोहोचतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे होय. त्याऐवजी त्या फ्यूजवरचे दिवे काढून ठेवून फ्यूजच्या दोन पायांत २१ वॅटचा बल्ब जोडावा. वायर कुठे तरी सांगाड्याला टेकली असेल तर तो प्रखर पेटतो, पण प्रवाह दोन अँपिअरच्या आत रोखून धरतो, त्यामुळे एकेक कपलर सुटा करत आणि वायरिंगचा जुडगा हलवत पुढे सरकता येते. बल्ब ज्या जागी विझतो, तेथेच उंदराने कुरतडलेली किंवा पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर सापडते.

उजेड परत आल्यावर झोताची उंची लावणे बाकी राहते, आणि ते गाडीत नेहमीइतके ओझे असताना करावे, कारण माल भरलेल्या गाडीची मागची बाजू दबून नाक वर उठते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला झोतही घाटात समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जातो.