पद्मिनी पुनश्च हाती घेताना

दसऱ्याच्या सीमोल्लंघनास छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात दाखल होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कोल्हापूरकरांचे मोटारप्रेम निराळे सांगावे लागत नाही. त्याच प्रेमापोटी, प्रदीर्घ खंडानंतर, वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, १०८९ सीसी इंजिनाची जुनी पद्मिनी मी पुनश्च हाती घेतली आहे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पेट्रोल उडून जाऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट, पिवळसर राळ साचते आणि ब्रेक सिलिंडरची रबरे ताठरतात, म्हणून इंजिन सुरू करण्याची कितीही उत्कंठा असली तरी प्रथम ब्रेक, हाच माझ्या मते शिरस्ता असावा. बाजारात दुर्मीळ झालेला एखादा बुश शिवाजी उद्यमनगरातील लेथवर नमुन्याबरहुकूम घडवून मिळतो, हे या शहराचे खरे वैभव! आरसीची मुदत मात्र आधी तपासावी. १५ वर्षांनंतर नूतनीकरण बंधनकारक आहे.