वेळ पाळणारा संगणक

भिवंडी तालुक्यातील राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गावांच्या परिसरात गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. अशा एखाद्या गोदामात खोकी वाहून नेणारा सरकता पट्टा आहे, अशी कल्पना करावी. पट्ट्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर १०० मिलिसेकंदांत खोके २० सेंटिमीटर पुढे सरकते. खोके वळविण्याचा हुकूम तेवढ्या उशिराने सुटला, तर नाशिकचा माल नागपूरच्या ट्रकमध्ये चढण्याचा संभव असतो. संगणकाचा निर्णय अचूक असूनही वेळ टळल्यामुळे तो निरुपयोगी ठरतो.

कामांची रांग

कोणते काम केव्हा करावयाचे, हे संगणकातील कार्यप्रणाली ठरविते. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ साली याविषयी एक सोपा नियम सिद्ध केला. जे काम अधिक वेळा करावयाचे, त्याला वरचा अग्रक्रम द्यावा. कामे परस्परांवर अवलंबून नसतील, प्रक्रियक एकच असेल आणि त्याचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर प्रत्येक काम पुढील पाळीपूर्वी पूर्ण होते.

समजा, दर १० मिलिसेकंदांनी २, दर २० मिलिसेकंदांनी ३ आणि दर ५० मिलिसेकंदांनी १० मिलिसेकंदांचे काम आहे. हा भार अनुक्रमे २०, १५ व २० असा एकूण ५५ टक्के होतो. म्हणजेच ही तिन्ही कामे वेळेत होतील, अशी हमी आधीच देता येते.

मध्येच येणारी हाक

तथापि सर्वच कामे ठरलेल्या वेळी येत नाहीत. खोक्यावरील पट्टीसंकेत वाचला गेला की वाचकयंत्र प्रक्रियकाला हाक देते. या हाकेस 'इंटरप्ट' म्हणतात. प्रत्येक हाकेसरशी हातचे काम टाकून तिचे सर्व काम उरकावयाचे ठरविले, तर हाकांच्या गर्दीत मूळ कामे खोळंबतात. अनेक मागांवर लक्ष ठेवणारा कारागीर बंद पडलेल्या प्रत्येक मागाकडे हातातील गाठ अर्धी सोडून धावू लागला, तर कापड कसे निघावे?

यावर उपाय असा : हाक येताच केवळ तिची नोंद करावी. उर्वरित काम इतर कामांप्रमाणेच रांगेत लावावे आणि त्याला वेळेचा शिधा ठरवून द्यावा. वरील उदाहरणात दर १० मिलिसेकंदांत १ मिलिसेकंद हाकांसाठी राखला, तर भार ६५ टक्के होतो. हमी कायम राहते. शिधा संपल्यावर आलेल्या हाका पुढील पाळीपर्यंत थांबतात.

घटकांची रचना

एका घटकातील दोष दुसऱ्यात पसरू नये, म्हणून काही कार्यप्रणाली स्वतंत्र घटकांच्या बनविल्या जातात. परंतु एकाच सामायिक साधनासाठी अनेक कामे ताटकळू लागली, की अग्रक्रम उलटतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानात असेच घडले. हवामान नोंदीच्या खालच्या अग्रक्रमाच्या कामाने सामायिक साधन अडवून धरले, मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे काम थांबून राहिले. यानाचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला. साधन अडविणाऱ्या कामाला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची सोय प्रणालीत होतीच. पृथ्वीवरून ती सुरू करण्यात आली आणि अडचण दूर झाली.

बोस्टन विद्यापीठातील गॅब्रिएल पार्मर व रिचर्ड वेस्ट यांनी २००८ साली 'कॉम्पोझिट' या घटकाधारित प्रणालीत कामांचे नियोजन करणारा भागही एक स्वतंत्र घटक बनविला आणि इंटरप्टचे कामही त्याच्याच नियंत्रणाखाली आणले. त्यामुळे नियोजनाची पद्धत गरजेनुसार बदलता येते आणि बाहेरून आलेली हाक हिशेबाबाहेर राहत नाही.

शीघ्रता आणि निश्चितता

पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झालेले कृति रामामृतम् यांनी जॉन स्टँकोविक यांच्यासह मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 'स्प्रिंग' ही कार्यप्रणाली विकसित केली. वेळेत होण्याची खात्री आधीच तपासून मगच काम स्वीकारावे, हे तिचे सूत्र होते. वेगवान प्रक्रियक सरासरी वेळ कमी करतो. पण सर्वांत वाईट प्रसंगी किती उशीर होईल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून नियंत्रणयंत्रणा घेताना 'ती किती वेगवान आहे?' एवढेच न विचारता 'सर्व हाका एकाच वेळी आल्या, तर जास्तीत जास्त किती उशीर होईल?' हेही विचारावे. ज्या यंत्रणेपाशी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे, तिच्यावरच पट्ट्यावरील माल निर्धास्तपणे सोपविता येईल.