पापा म्हणजे बटाटा!

‘‘ये, एक पापा दे बघू!’’ असं आजी म्हणाली की काय द्यायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता हाच पापा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात मागून बघा. हातावर चक्क बटाटा येईल!

बटाटा मूळचा तिथलाच, अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव पापा. आणि बटाटे तरी किती तऱ्हांचे! पिवळे, लाल, जांभळे, काळपट. एकाला तर इतक्या गाठी आणि खाचा, की सोलता सोलता नाकी नऊ येतात. त्याच्या केचुआ नावाचा अर्थच ‘सुनेला रडवणारा’! मला हे नाव फार आवडतं.

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात तिथे पोचले आणि त्यांनी हा शब्द उचलला. आज पेरूच्या राजधानीत, लिमात, बाबाही पापा आणि बटाटाही पापा. मग घोटाळा होत नाही? नाही. पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. म्हणून पाहा ना मोठ्याने! रोमचे पोपही स्पॅनिशमध्ये पापाच. त्यांचा ‘पापा’ वडिलांसाठीच्या जुन्या ग्रीक शब्दावरून आलाय. बटाट्याशी त्याचं काडीचंही नातं नाही. शिवाय न्यूझीलंडच्या माओरी भाषेत पापा म्हणजे जमीन.

एवढ्या सगळ्यांना हाच शब्द कसा सापडला? ओठ मिटा, झटकन उघडा आणि ‘आ’ करा. झाला ‘पा’! जिभेला काही कामच नाही. म्हणून तान्ही बाळंसुद्धा पापा, बाबा, मामा असं बडबडतात आणि मोठ्यांना वाटतं, मलाच हाक मारली! रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने आई-वडिलांसाठीच्या असंख्य भाषांतल्या शब्दांचा विचार केला आणि त्यांचं मूळ बाळांच्या या बडबडीत आहे असं मांडलं. जॉर्जिया देशात तर मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई!

बटाट्याचं मात्र तसं नाही. तो निव्वळ योगायोग. जगात सुमारे ७००० भाषा आहेत आणि तोंडातून सहज निघणारे आवाज मोजकेच. छोटे शब्द एकमेकांवर आदळणारच.

आणि आपला ‘बटाटा’? तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘बटाटा’चं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ होता रताळं!