राखेतले ठिपके

डाळजला आत्याच्या घरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधी, फुगवट्याच्या पाण्याखाली जाणारं जुनं घर सोडताना बंब बैलगाडीतून वर आणला, असं आत्या सांगते. गेल्या डिसेंबरात तिच्याकडे राहायला गेलो आणि दुसऱ्याच पहाटे बंब पेटेना. फुगवट्यावरचं धुकं हायवेपर्यंत आलेलं, दोन लहान मुलं टॉवेल पांघरून कुडकुडत उभी, आणि बंबाच्या तोंडातून नुसता पांढरा धूर. काडी लावली की पाचट भुरकन पेटायचं, वरच्या काटक्या धरतात असं वाटायचं आणि चुर्र होऊन सगळं विझायचं. अर्धी काडेपेटी संपली.

बंबाची रचना साधी आहे. बाहेर पाण्याचं पिंप, मधोमध तळापासून वरपर्यंत आरपार गेलेली नळी. नळीच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीवर विस्तव. जळण टाकायचं ते नळीच्या वरच्या तोंडातूनच. हवा जाळीखालून शिरते, तापून नळीतून वर जाते आणि जाता जाता भोवतालचं पाणी तापवते. तांब्यातून उष्णता लोखंडाच्या जवळपास पाचपट सहज जाते, म्हणून ओंजळभर काटक्या आणि चार बुरकुंडांवर एका माणसाच्या अंघोळीचं पाणी कढत होतं.

पहिला संशय अर्थातच जळणावर गेला. पाचट धुक्याने सादळलेलं असेल म्हणून घरातलं कोरडं आणलं, वेड्या बाभळीच्या वाळक्या फांद्या मोडून पाहिल्या. कट्कन मोडत होत्या, म्हणजे ओल नव्हती. मग हवा. जाळीखाली राख तुंबली होती, ती काढली. काठीला नारळाची शेंडी बांधून नळीतली काजळी झाडली. मी वाकून वरून फुंकायला लागलो तशी आत्या ओरडली, "आरं, वरनं फुंकू नगंस, खालनं वारं घेऊ दे त्याला!" तिचं बरोबर होतं. नळीतली हवा वर चढायला हवी आणि मी तिला खाली दाबत होतो. पण एवढं करूनही तेच, चुर्र आणि धूर.

त्या चुर्र आवाजाकडे मी आधीच लक्ष द्यायला हवं होतं. कोरडं लाकूड विझताना असा आवाज करत नाही.

"काल तर पेटला व्हता की," आत्या म्हणाली. मग काल आणि आज यांत फरक काय? काल बंब अर्धाच होता. मोटारीला लाइट नव्हती, म्हणून दोन बादल्यांवर भागवलं होतं. रात्री उशिरा लाइट आली आणि तिने तो गळ्यापर्यंत भरून ठेवला. जळण तेच, वारा तोच, वाढलं होतं ते फक्त पाणी.

मग जाळीवरचं सगळं काढलं. कोरडी राख चाळणीतून चाळून एका ताटात पसरली, तळहाताने सपाट केली आणि ताट जाळीखाली सरकवलं. चावी सोडून बंब अर्धा रिकामा केला. चहा होईपर्यंत वाट पाहिली, राख जशीच्या तशी. मग एकेक तांब्या पाणी घालत गेलो. पाणी गळ्याला लागायला वीतभर उरलं असताना ताटात पहिला ठिपका उमटला. काळपट, मध्ये खोल, भोवती राखेची बारीक कड; वळवाचा पहिला थेंब फुफाट्यात पडावा तसा. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा. नळीला भोक होतं, तेही वरच्या अंगाला. पाणी तिथवर चढलं की थेंब थेट विस्तवावर पडत होता.

इवल्याशा थेंबाने एवढा जाळ विझतो, याचं नवल वाटायला नको. गार पाण्याला उकळी यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याच उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागते. दर दोन-चार क्षणांना एक थेंब पडला तरी नुकत्या धरलेल्या काटक्यांची सगळी ऊब त्यातच जाते.

गॅसच्या गीझरचंही पुष्कळदा असंच होतं. तो पेटला नाही की लोक सेल बदलतात, सिलिंडर हलवून बघतात. आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो सरकला तरच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. टाकी खाली गेली असेल किंवा पाण्याच्या तोंडाची जाळी बोअरच्या क्षारांनी बुजली असेल, तर नवे सेल घालून काही होत नाही.

बंब बारामतीला एका म्हाताऱ्या तांबटांकडे नेला. त्यांनी नळी बुडाकडून सोडवून बाहेर काढली, उन्हात धरली आणि सांध्यावरच्या राखाडी डागावर नख ठेवलं. "ही शिशाची डागडुजी. कुणीतरी पाणी नसताना पेटवलाय." आत्याला दिवाळी आठवली. घर पाहुण्यांनी भरलेलं, चावीतून बादल्यांवर बादल्या काढल्या, आत विस्तव तसाच. पाणी लागून असतं तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी उतरलं की उघडी पडलेली नळी भराभर तापते, आणि कथील-शिशाचा डाख 183 अंशांनाच पाघळायला लागतो. काही जुन्या बंबांना हा धोकाच नाही. त्यांच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर येतं, त्यामुळे ते कायम भरलेले राहतात. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

तांबटांनी जुना डाख तापवून पुसून काढला, सांधा कानशीने लाल होईतो घासला, टाकणखार लावला आणि पितळी झाळ घेतली. ती वितळायला 900 अंशांच्या आसपास लागतात, तांबं वितळतं 1085 ला. एवढ्या अंतरात हात सांभाळायचा, आणि मोजायला फक्त डोळा. टाकणखार काचेसारखा पसरला, तांबं नारिंगी झालं आणि पितळ सांध्यात सर्रकन ओढलं गेलं. त्याच क्षणी त्यांनी बत्ती बाजूला घेतली. पुण्यात कसबा पेठेत पेशवाईपासूनची तांबट आळी आहे. बंब ही तिथल्या हातांची खास वस्तू. घरोघर गीझर आले आणि बंबाची मागणी आटली. बारामतीच्या या दुकानात त्या दिवशी बंब आमचा एकच होता.

घरी आणल्यावर तो आत्याने पुन्हा पडवीतच मांडला. बंद न्हाणीत तिने तो कधी ठेवू दिला नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राखेचं ताट या वेळी तिने स्वतः सारखं केलं, बंब गळ्यापर्यंत भरला आणि पाटावर बसून राहिली. चहा झाला, पिऊनही झाला. ताट बाहेर ओढलं तेव्हा राखेवर तिच्या बोटांच्या रेषा तशाच होत्या. तिने ती राख उकिरड्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि काडेपेटी मागितली.