वर्दी आणि पोच

शहरावर संकट कोसळले म्हणजे लोकांच्या तोंडी बंब येतात, नाकाबंदी येते, मंत्र्यांच्या भेटी येतात. परंतु ज्या इस्पितळाच्या दारात जखमींच्या गाड्या एकामागून एक येऊन थांबणार असतात, त्या इस्पितळातील वसतिगृहात झोपलेल्या निवासी डॉक्टरांना, रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला, शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिकेला आणि स्ट्रेचर ओढणाऱ्या मामाला ही खबर कोण देतो, आणि दिलेली खबर ज्याच्या त्याच्या कानी पडली की नाही हे कोण पाहतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. संपादकांनी ती कामगिरी माझ्यावर सोपविली, आणि मुंबईतील एका जुन्या सार्वजनिक इस्पितळाच्या टेलिफोन-खोलीत बसण्याची परवानगी, नाव न छापण्याच्या अटीवर, मला मिळाली.

खोलीचा अधिकृत इतिहास कार्यालयातून मिळालेल्या टिपणात अर्ध्या पानात उरकला आहे: प्रथम दोऱ्यांचा बोर्ड होता, मग आपोआप जोडणी करणारे यंत्र आले, मग ध्वनिक्षेपक आला, आणि मानांकनाच्या ओघात रंगांचे संकेत आले, हृदयक्रिया थांबली तर ‘कोड ब्लू’, आग लागली तर ‘कोड रेड’, मूल पळविले गेले तर ‘कोड पिंक’. या सर्वांच्या जोडीला अलीकडे आणीबाणीची सूचना देणारी संगणकीय प्रणाली बसविण्यात आली आहे.

तिची रचना समजण्यास कठीण नाही. निरनिराळ्या प्रसंगांचे मजकूर आगाऊ तयार असतात; अधिकार असलेल्या व्यक्तीने प्रसंग, जागा आणि गट निवडून कळ दाबली, की तोच मजकूर लघुसंदेशाने, ध्वनिमुद्रित फोनने आणि मोबाईलवरील ॲपने एकाच वेळी शेकडो जणांकडे रवाना होतो. घेणाऱ्याने 1 दाबले तर ‘येतो’, 2 दाबले तर ‘येऊ शकत नाही’. मुक्रर वेळात काहीच उत्तर न आल्यास यंत्र त्याच माणसाचा दुसरा क्रमांक लावते आणि तेथेही दाद न लागल्यास यादीतील पुढच्या माणसाकडे वळते. वर्दी देऊन ते थांबत नाही, पोच मागते. आणि या यंत्राचे सारे मोठेपण मला या एकाच गोष्टीत दिसले, कारण ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारा करणाऱ्याला आपला आवाज कुठवर गेला याचा पत्ता कधीच लागत नाही.

माझ्यासमक्ष सराव झाला. पडद्यावर नावांची रांग उमटली आणि पहिल्याच मिनिटात खालची, म्हणजे इंटर्न आणि निवासी डॉक्टरांची, नावे पटापट हिरवी होऊ लागली. वरची, म्हणजे प्राध्यापकमंडळींची, नावे बराच वेळ निर्विकारपणे पांढरी राहिली. इतक्यात समोरचा साधा फोन खणखणला. एक डॉक्टर सौजन्याने कळवीत होते, की त्यांना इस्पितळ सोडून वर्ष झाले असून तूर्त मुक्काम नागपुरास आहे, तेव्हा कृपा करून नाव काढावे. प्रणाली बसविणारा तरुण ओशाळला. टेलिफोन-बोर्ड सांभाळणाऱ्या बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “त्यांचं नाव माझ्या वहीत केव्हाच खोडलंय.”

ही वही पाहण्यासारखी आहे. लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची. पानापानावर चार रकाने आखलेले. पहिल्या तिनांत नाव, युनिट आणि क्रमांक. चौथ्याला मथळा नाही. त्यात बाईंच्या बारीक अक्षरांत असे शेरे आहेत: “पहिल्या रिंगला उठत नाहीत, लगेच पुन्हा लावणे”; “रात्री फोन बंद, शेजारच्या खोलीतील मुलास सांगणे”; “मंगळवारी यांची इमर्जन्सी, थेट ओटीत पाहणे”. दर सहामाहीस निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आली, की त्या वसतिगृहाच्या वॉर्डनकडून यादी मागवितात आणि एकेक क्रमांक स्वतः लावून पाहतात. हे काम त्यांना कोणत्याही परिपत्रकाने नेमून दिलेले नाही.

“मॅडम, हे सगळं सिस्टीममध्ये टाकू या ना,” तरुण म्हणाला.

“टाक की बाबा. पण बदललं की परत कोण टाकणार?”

2006 च्या 11 जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, त्या संध्याकाळी बाई याच खुर्चीवर होत्या. मोबाईलचे जाळे कोलमडले होते. त्यांनी इंटरकॉमवरून वॉर्डांना वर्दी दिली, आणि वसतिगृहाकडे हाती चिठ्ठ्या देऊन मामांना पिटाळले. जाळे पडते हा मुंबईचा जुना अनुभव आहे; 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हाही फोन मुके झाले होते. अगदी निरभ्र दिवशीही हे घडते: दिल्लीच्या एम्समध्ये 2022 च्या नोव्हेंबरात सायबर हल्ल्याने संगणकव्यवस्था ठप्प झाली आणि कित्येक दिवस सारा कारभार कागदावर चालवावा लागला. यंत्राच्या पाठीशी यंत्राविना चालणारा मार्ग ठेवावा, ही तजवीज कागदोपत्री सर्वत्र असते. तिचा सराव मात्र क्वचितच होतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. 2008 च्या 26 नोव्हेंबरच्या रात्री कामा इस्पितळात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातील 20 गर्भवतींना आतल्या पॅन्ट्रीत नेऊन लपविले. त्या क्षणी तेथे ध्वनिक्षेपकावरून सावधगिरीचा पुकारा झाला असता, किंवा एखाद्या उशीखालचा मोबाईल कर्कश वाजला असता, तर तो इशारा मारेकऱ्यांनाही मिळाला असता. आगीत जो आवाज प्राण वाचवितो, तोच अशा प्रसंगी घात करतो. तेव्हा कोणता मजकूर मोठ्याने आणि कोणता मुकाट्याने जावा, हे शांततेच्या काळातच ठरवून ठेवावे लागते. बहुतेक ठिकाणी एकच ढोल सर्व प्रसंगांना बडविला जातो. शिवाय सराव फार झाले, तर माणसे त्या आवाजालाच सरावतात आणि फोन उलटा करून ठेवतात.

परंतु मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती कळ दाबण्याच्या अधिकाराची. येथे तो अधिकार अधीक्षकांना आणि त्यांच्या गैरहजेरीत ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्याला आहे. रात्री दीड वाजता धूर पाहणाऱ्या परिचारिकेला नाही. तिने आधी वरिष्ठांना शोधावे, त्यांनी खात्री करून घ्यावी, आणि खोटी वर्दी ठरली तर ‘कारणे दाखवा’ नोटीस कोणाच्या नावे निघेल याचा विचारही ओघाने करावा. 2021 च्या 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. 17 बालकांपैकी 7 वाचली, 10 दगावली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन किमान 22 रुग्णांनी प्राण सोडले. अशा ठिकाणी मिनिटांचा हिशेब असतो, आणि यंत्राने वाचविलेली मिनिटे परवानगीच्या साखळीत खर्ची पडली, तर पडद्यावरच्या हिरव्या रांगेचे कौतुक कोणी करावे? अधीक्षकांना मी हे विचारले. वॉर्डातील परिचारिकेलाही निदान आगीपुरती कळ द्यावी असा प्रस्ताव आहे, असे ते म्हणाले. दुरुपयोग होईल या हरकतीवर तो परत आला आहे.

बाई येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. प्रणाली आल्याने त्यांचे पद भरण्याचे कारण उरत नाही, असे आस्थापना विभागाचे टिपण आहे. तरुणाने वहीतले पहिले तीन रकाने संगणकात उतरवून घेतले. चौथ्यासाठी नमुन्यात जागा नाही. वही डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेली नसल्याने तिचा ताबा नियमानुसार कोणाकडे देता येत नाही, म्हणून ती घरी नेऊ का, अशी विचारणा बाईंनी लेखी केली असून तिच्यावर अद्याप हुकूम झालेला नाही.