रॅपर उलटं करून बघा!

चॉकलेट म्हटलं की आपल्या पिढीला आठवतात ती वाढदिवसाला शाळेत वाटलेली गोळ्या-चॉकलेटं. आता मॉलमध्ये गेलं की एक वेगळाच कप्पा दिसतो. खाकी कागदातले बार, काचेच्या बरण्यांतले स्प्रेड आणि त्यावर तीन शब्द ठळक अक्षरांत : रॉ, व्हेगन, ऑरगॅनिक. किंमत वाचली की पुढे केलेला हात आपोआप मागे येतो. हे प्रकरण आहे तरी काय, असं तुम्हालाही वाटत असेलच ना?

आमच्या पावणे गावातल्या बचत गटात हा विषय निघाला तो एका ऑर्डरमुळे. गटातल्या बऱ्याच जणी एमआयडीसीतल्या कंपन्यांत पॅकिंगला जातात. सणासुदीला आम्ही फराळ करतो, साच्यातली 'होममेड' चॉकलेटंही करतो. दिवाळीच्या आधी कोपरखैरण्याहून एक तरुण आई आली. तिच्या चार वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी. म्हणाली, "ताई, दूध नसलेलं चॉकलेट कराल का? सगळी पोरं खातात आणि हा नुसता बघत बसतो." गटातली एक जण पटकन म्हणाली, "डार्क देऊ की! त्यात कुठं असतंय दूध?"

मी म्हटलं, आधी पाकीट वाचू. आम्ही वितळवून वापरतो त्या स्लॅबचं रॅपर उलटं केलं. घटकांत पहिली साखर, मग वनस्पती तेल, मग कोको पावडर. आणि खाली बारीक अक्षरांत, 'दुधाचे अंश असू शकतात'. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. म्हणजे आमच्या 'चॉकलेट'मध्ये कोको तिसऱ्या नंबरावर! याला बाजारात 'कंपाउंड' म्हणतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं तेल असतं.

मग वर्गणी काढून तीन महागडे बार आणि एक स्प्रेडची बरणी आणली. एकेका बारला साडेतीनशे रुपये. "दोन दिवसांची हजेरी गेली की गं," एक मावशी म्हणाल्या. सगळ्या जणी गोल करून बसलो, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि चावायचं नाही असं ठरवलं. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे अंगाच्या उबेनंच वितळतं. तुकडा अलगद विरघळला. आमच्या कंपाउंडचा तुकडा मात्र टाळूला मेणासारखा चिकटून राहिला. रॉ बार आंबटसर, थोडा तुरट लागला. कुणी म्हणालं जांभूळ, कुणी म्हणालं आमसूल. दोघींनी तोंड वाकडं केलं. स्प्रेड मात्र सगळ्यांना आवडला. त्यात काजू, कोको आणि नारळाची साखर, एवढंच. नेहमीच्या हेझलनट स्प्रेडच्या बरणीवर पहिली दोन नावं साखर आणि पामतेल अशी असतात.

आता त्या तीन शब्दांचे अर्थ. 'रॉ' म्हणजे कोकोच्या बिया न भाजता केलेलं. पण या बिया आधी काही दिवस आंबवाव्या लागतात आणि त्या ढिगातच पन्नास अंशांच्या आसपास उष्णता तयार होते. शिवाय भाजल्यानं जंतू मरतात, म्हणून न भाजलेल्या मालाला स्वच्छता जास्त जपावी लागते. 'ऑरगॅनिक' म्हणजे सेंद्रिय. त्यासाठी २०१७ पासून 'जैविक भारत' हे चिन्ह आहे. 'व्हेगन' म्हणजे दूध, तूप, मध, प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही. त्याचे नियम २०२२ मध्ये आले, हिरव्या 'व्ही'चं चिन्हही आलं. आपला नेहमीचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी सांगतो, त्यात दूध चालतं. आणि मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा : व्हेगन म्हणजे दूध घातलेलं नाही. त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेट बनत असेल तर अंश राहू शकतो. ॲलर्जीच्या मुलासाठी ती खालची बारीक ओळ वाचायलाच हवी.

हा माल सगळा परदेशातून येतो असंही नाही. कोकोची झाडं केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडूत सुपारी-नारळाच्या सावलीत वाढतात. शेतकऱ्यांची सहकारी संस्था 'कॅम्पको' १९७३ ची. तिचा कर्नाटकातल्या पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ पासूनचा. ऑरोव्हिलची 'मेसन अँड कंपनी' २०१४ पासून सेंद्रिय, व्हेगन बार करते. सहकाराचं नाव ऐकल्यावर आमच्या बायकांचे डोळे चमकले!

मग आम्ही काय केलं? एपीएमसीच्या मार्केटमधून खजूर आणि काजू आणले. एक वाटी बिया काढलेला खजूर, अर्धी वाटी भाजलेल्या काजूचं कूट, दोन चमचे बिनसाखरेची कोको पावडर आणि चमचाभर खोबरेल, अर्थात खाण्याचं. मिक्सरला फिरवून वड्या थापल्या. खजूर कमी करून तेल थोडं वाढवलं की तोच स्प्रेड. कोको पावडरच्या पाकिटावरची बारीक ओळही आधी वाचून घेतली.

लेबलवर काय लिहायचं यावर मात्र तासभर वाद झाला. एकीला 'रॉ व्हेगन ऑरगॅनिक' छापायचं होतं, भाव चांगला येईल म्हणून. पण दुकानातली कोको पावडर भाजलेल्या बियांची असते, आमच्याकडे सेंद्रियचं प्रमाणपत्र नाही आणि व्हेगनचं चिन्हही नाही. शेवटी ठरलं : घटकांची नावं लिहायची आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'दूध घातलेलं नाही. याच स्वयंपाकघरात दुधाचे पदार्थही होतात.'

त्या आईला फोन करून मी तेच सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी घरीच करते, कृती द्याल?" ऑर्डर गेली, पण कृती दिली. आता गटानं नवा मिक्सर, वेगळी भांडी आणि साचे घेऊन फक्त बिनदुधाच्या पदार्थांसाठी वेगळी जागा करायचं ठरवलंय. त्यासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवातही झाली आहे.

तोवर तुम्हीही एक करा. पुढचा बार घेताना रॅपर उलटं करा आणि आधी मागची बाजू वाचा.