वणीकडील मराठीत 'बसणे' : एका नियमित धातूची रूपावली

धातूच्या रूपांची मांडणी मराठी व्याकरणात दोन प्रकारांनी झालेली आहे. एक अर्थावरून : वर्तमान, भूत व भविष्य हे काळ आणि आज्ञा, विधी, संकेत हे अर्थ. दुसरी केवळ रूपावरून, म्हणजे धातूला कोणता प्रत्यय लागला आहे यावरून. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) ताख्यात, लाख्यात, वाख्यात, चाख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात व ईलाख्यात अशी जी नावे भेटतात ती ह्या दुसऱ्या प्रकारची होत. विद्यार्थ्यांना ही नावे रूक्ष वाटतात व परीक्षा संपताच ती विसरलीही जातात. परंतु बोलीच्या अभ्यासात त्यांचा उपयोग फार मोठा आहे. अर्थ तोच राहून रूप बदलले आहे, की रूप तेच राहून त्याच्याकडे नवे काम आले आहे, हा प्रश्न आख्यातांच्या चौकटीशिवाय नीट मांडताच येत नाही.

ह्या दोन्ही प्रकारच्या बदलांची उदाहरणे एकाच ठिकाणी पाहावयाची असल्यास वणीच्या बाजूची मराठी पाहावी. वणी हे आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. पूर्वी मात्र सबंध जिल्हाच 'वणी' (इंग्रजी कागदपत्रांत 'वून') ह्या नावाने ओळखला जात असे आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच वर्षी ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेला मराठीविषयीचा सातवा खंड प्रसिद्ध झाला. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा, दक्षिणेस पैनगंगेपलीकडे तेलुगू मुलूख, आणि गावोगावी गोंडी व कोलामी बोलणारी कुटुंबे, असा हा प्रदेश आहे. येथील मराठीला कोणी वऱ्हाडी म्हणतात, कोणी नागपुरीकडे झुकलेली वऱ्हाडी म्हणतात. क्रियापदापुरते पाहिले तर ह्या दोन नावांत भांडण्यासारखे फारसे काही नाही.

'बस' हा धातू विवेचनासाठी सोयीचा आहे. तो अकर्मक आहे, त्यामुळे कर्तरी-कर्मणीचा गुंता मध्ये येत नाही. आणि 'कर'-'केला', 'जा'-'गेला' ह्यांप्रमाणे त्याचे अंग लाख्यातात बदलत नाही.

प्रमाण मराठीतील साध्या वर्तमानकाळापासून आरंभ करू. एकवचनात 'मी बसतो, मी बसते', 'तू बसतोस, तू बसतेस', 'तो बसतो, ती बसते, ते बसते'. येथे पुरुष व लिंग असे दोन्ही भेद एका रूपात कोंबलेले आहेत. वणीकडे ह्याच जागी ऐकू येते ते असे : 'मी बसतो', 'तू बसतं', 'तो बसते', 'ती बसते'. बोलणारी व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, 'मी बसतो' हे रूप एकच. स्त्रियाही 'मी येतो', 'मी जातो' असेच म्हणतात. तृतीय पुरुषात 'पोट्टा वट्यावर बसते' आणि 'पोट्टी वट्यावर बसते' ह्यांत क्रियापदाचा काहीच भेद नाही. अनेकवचनी 'बसतात' बरोबरच 'बसतेत' हेही रूप प्रचारात आहे, आणि ते उघडच 'बसते' ह्या एकवचनावर 'त' जोडून सिद्ध झालेले आहे.

पुण्याच्या कानाला 'पोट्टा बसते' हा लिंगाचा घोटाळा वाटतो. वस्तुतः येथे घोटाळा नसून काटेकोर व्यवस्था आहे. 'बसतो', 'बसते', 'बसतं' ह्या तीन आकृती शिष्ट बोलण्यात अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी आहेत. वणीकडे ह्याच तीन आकृती प्रथम, तृतीय व द्वितीय पुरुषाकडे गेल्या आहेत. त्यांतील प्रत्येकीची व्युत्पत्ती लिंगरूपातूनच साधावी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. 'बसतं' हे जुन्या द्वितीय पुरुषी प्रत्ययाच्या झिजेतूनही आलेले असू शकेल. व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, अन्त्य स्वर आता लिंग सांगत नाही, पुरुष सांगतो.

लिंगाची जाणीवच ह्या बोलीत मंद झाली आहे, असे कोणी म्हणेल तर लाख्यात त्याचे उत्तर देते. 'पोट्टा बसला', 'पोट्टी बसली', 'पोट्टं बसलं' : भूतकाळात तिन्ही लिंगे शाबूत आहेत. 'पोट्टा बसते' म्हणणारे मूल 'पोट्टा बसली' असे चुकूनही म्हणत नाही. म्हणजे लिंग लोपले आहे ते फक्त ताख्यातात, आणि तेथेही नियमाने.

आता प्रमाण मराठीकडेच पुन्हा पाहावे. 'आम्ही बसतो' हे पुरुष म्हणतात तसेच स्त्रियाही म्हणतात. 'तुम्ही बसता' याला लिंग नाही. 'ते बसतात, त्या बसतात, ती बसतात' यांतही नाही. नकार केला की 'तो बसत नाही, ती बसत नाही'. क्रिया चालू असली की 'तो बसत आहे, ती बसत आहे'. ह्याचा अर्थ असा की, वर्तमानकाळी लिंगभेद प्रमाण भाषेतही फक्त साध्या, होकारार्थी एकवचनात उरला आहे. इतर सर्व ठिकाणांहून तो आधीच निघून गेला आहे. वणीच्या बोलीने तो ह्या शेवटच्या कोपऱ्यातूनही काढला. जी व्यवस्था प्रमाण भाषेत अर्धवट आहे ती येथे पूर्ण झाली, एवढाच दोहोंतील फरक. असे असता एकीला शुद्ध व दुसरीला भ्रष्ट म्हणण्याची सवय का टिकली, ह्याचे उत्तर व्याकरणात मिळणार नाही.

कृदन्तापासून सिद्ध झालेले रूप क्रियापद म्हणून स्थिरावले की त्याचे लिंग गळू लागते, ही गोष्ट मराठीपुरती नाही. स्पॅनिश भाषेचे उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक आहे. 'आब्लार' (बोलणे) ह्या नियमित धातूची वर्तमानकाळी सहा रूपे होतात : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. प्रत्येक रूप पुरुष व वचन सांगते, लिंग सांगत नाही. आणि रूपच पुरुष सांगत असल्यामुळे 'मी', 'तू' ही सर्वनामे बहुधा गाळली जातात. ही रूपे लॅटिनपासूनच लिंगनिरपेक्ष आहेत, म्हणून त्यांत नवल नाही. नवल आहे ते पूर्णकाळात. 'पत्र लिहिले आहे' ह्या अर्थी स्पॅनिशमध्ये 'एस्क्रितो' हे धातुसाधित 'आबेर' ह्या सहायक क्रियापदाबरोबर येते. 'कार्ता' (पत्र) हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्याच्याशी जुळवून 'एस्क्रिता' असे स्त्रीलिंगी रूप येऊ शकत असे. पुढे ही जुळणी नाहीशी झाली, आणि कर्म कोणत्याही लिंगाचे असो, पूर्णकाळात 'एस्क्रितो' हेच रूप कायम झाले. फ्रेंच व इटालियन ह्या भगिनीभाषांत त्या जुळणीचे अवशेष आजही आहेत. एकाच घराण्यातील एक भाषा पुढे गेली व दोन मागे रेंगाळल्या, पण स्पॅनिश ही भ्रष्ट इटालियन आहे असे कोणी म्हणत नाही.

वणीकडील ह्या बदलाचे कारण म्हणून शेजारच्या भाषांकडे बोट दाखविले जाते. गोंडी, कोलामी व तेलुगू ह्या द्राविड भाषांच्या सहवासामुळे क्रियापदातील लिंग गेले असावे, असा तर्क सहज सुचतो. परंतु तो टिकत नाही. ह्या तिन्ही भाषा तृतीय पुरुषी एकवचनात पुरुषवाचक कर्ता व इतर कर्ते ह्यांत क्रियापदानेच भेद करतात. कोलामीविषयी एमेनो यांचा वर्धेकडील बोलीवर आधारलेला ग्रंथ (१९५५) ह्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. ज्यांच्याजवळ 'तो'च्या क्रियेला व 'ती'च्या क्रियेला निराळे प्रत्यय आहेत, त्यांच्याकडून भेद पुसण्याची सवय उसनी कशी येणार? कोळशाच्या खाणींमुळे ह्या भागात हिंदीचा वावर मोठा आहे. पण हिंदीतही 'बैठता है' व 'बैठती है' हा भेद ठळक आहे. पूर्वेकडील छत्तीसगढीत मात्र क्रियापद लिंगनिरपेक्ष असते, आणि नागपुरीमार्गे त्या बाजूशी काही दुवा जुळतो काय, हे पडताळून पाहण्याजोगे आहे. तोवर अंतर्गत कारणच अधिक बलवान मानणे युक्त होय.

भविष्यकाळाची कथा याहून निराळी आहे. 'बसशील, बसेल, बसतील' ह्यांच्या जागी येथे 'बसशीन, बसन, बसतीन' ही रूपे येतात. 'पाऊस पडन', 'तो येईन', 'कोन करन?' ही नित्याची वाक्ये. द्वितीय पुरुषी अनेकवचनात 'करसान', 'येसान' असे ऐकू येते. ह्यावरून अन्त्य 'ल'चा 'न' होणे हा ह्या बोलीचा ध्वनिनियम आहे असे कित्येकदा सांगितले जाते; ते मात्र बरोबर नाही. तसा नियम असता तर बैलाचे 'बैन' व तेलाचे 'तेन' झाले असते. बैल बैलच राहिला आहे आणि तेलही तेलच आहे. म्हणून हा बदल ध्वनीचा नसून रूपाचा आहे. 'मी करीन', 'मी येईन' ह्या प्रथम पुरुषी रूपांतील 'न' हा भविष्याचे चिन्ह समजला गेला व तो साऱ्या रूपावलीत पसरला. सादृश्याने रूपे एकसारखी होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकासाठी शोधूनही सापडणे कठीण.

ह्या 'न'ला आणखी एक आधार बोलीतच आहे. वणीकडे 'बसेल' हे रूप आहे, पण ते भविष्यकाळी नाही. त्याचा अर्थ 'बसलेला'. 'तो वट्यावर बसेल हाये' म्हणजे तो ओट्यावर बसलेला आहे. 'पडेल', 'करेल' हीही त्याच जातीची धातुसाधिते होत. भविष्यकाळात 'ल' टिकला असता तर 'बसेल' ह्या एकाच शब्दावर होऊन गेलेल्या व होणाऱ्या अशा दोन्ही क्रियांचा भार पडला असता. 'न'मुळे तो प्रसंग टळला. ह्याच कारणासाठी 'न' आला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु आल्यावर तो टिकून का राहिला, हे यावरून समजते.

ई-आख्यातात प्रमाण भाषा 'तो बसे' पण 'तो करी' असा भेद ठेवते. वणीकडे 'बसे, करे, म्हने, जाये' असा सर्वत्र 'ए'. जुन्या मराठीत हे आख्यात वर्तमानाचाही अर्थ देत असे. आज ते दोन्हीकडे 'बसत असे' ह्या रीतिभूताच्या अर्थी उरले आहे. गंमत अशी की, शिष्ट लेखनातही 'करील' मागे पडून 'करेल' पुढे येत आहे, म्हणजे 'ई' सोडून 'ए' धरण्याची तीच प्रवृत्ती तेथेही, भविष्यकाळात, दिसते. तेथे तिला कोणी गावंढळ म्हणत नाही.

आज्ञार्थात प्रमाण मराठीला नसलेला एक भेद ह्या बोलीजवळ आहे. 'बस' ही तत्काळ पाळावयाची आज्ञा. 'बसजो' ही पुढे केव्हातरी, प्रसंग येईल तेव्हा पाळावयाची सूचना. अनेकांना अथवा आदराने सांगावयाचे असल्यास 'बसजा'. 'उद्या येजो', 'घरी गेल्यावर सांगजो' ह्यांत जे मार्दव आहे ते 'ये' आणि 'सांग' यांत नाही. गुजराती व राजस्थानी यांतही 'करजो' आहे, आणि ह्या 'ज'चे मूळ प्राकृतातील विध्यर्थी 'ज्ज'पर्यंत नेता येते. लॅटिनमध्ये 'आमा' (प्रेम कर) व 'आमातो' (पुढे प्रेम कर) अशी दोन आज्ञार्थी रूपे होती. स्पॅनिशने त्यांतील दुसरे गमावले. प्रमाण मराठीला असा भेद दाखवावयाचा झाल्यास 'उद्या', 'मग' अशा शब्दांचा आधार घ्यावा लागतो.

वाख्यात व चाख्यात यांविषयी थोडे सांगितले तरी पुरे. 'बसायचं'चे 'बसाचं', 'बसायला'चे 'बसाले', 'बसावं लागतं'चे 'बसा लागते' : हे सर्व मुख्यतः 'य' किंवा 'व' गळाल्याचे व 'ला'च्या जागी 'ले' आल्याचे परिणाम आहेत. रूपावलीची व्यवस्था त्यांमुळे बदलत नाही.

ही सारी चर्चा केवळ वर्णनाची राहत नाही, कारण ह्याच रूपांवर शाळेत तांबडी रेघ ओढली जाते. 'माझा भाऊ शेतात जाते' असे लिहिणाऱ्या मुलाला लिंगाची चूक म्हणून समज दिली जाते, आणि 'मी जातो' म्हणणाऱ्या मुलीला हसे सोसावे लागते. निदान चुकल्यावर उपचारही चुकतो. त्या मुलाला 'भाऊ' पुल्लिंगी आहे हे शिकविण्याची गरज नाही. तो 'भाऊ गेला' असे बिनचूक लिहितोच. त्याला सांगावयाचे ते इतकेच की, प्रमाण लेखनात साध्या होकारार्थी वर्तमानकाळी, एकवचनात, त्याच्या बोलीने सोडून दिलेला लिंगभेद पाळावा लागतो. एका कोपऱ्याचा हा नियम एका तासात शिकविता येतो; लिंगविचाराचा सबंध धडा दहा वेळा गिरवूनही तो साधत नाही.

बोलीचे नमुने गोळा करणाऱ्यानेही येथे सावध असावे. 'तो बसतो' हे एकच वाक्य बोलीत करून मागितले आणि 'तो बसते' एवढे टिपून घेतले, तर टिपणवहीत एक विचित्र रूप तेवढे राहील. त्याच माणसाकडून 'मी', 'तू' व 'ती' यांची वाक्ये, नकारार्थी वाक्य आणि भूतकाळी तिन्ही लिंगांची वाक्ये एकाच बैठकीत घ्यावीत. स्त्रियांचा प्रथम पुरुष त्यांनी स्वतः बोलताना ऐकावा, पुरुषांना विचारून घेऊ नये. शाळेत गेलेल्या तरुण स्त्रिया पाहुण्यासमोर 'मी बसते' म्हणतात आणि घरात वळल्यावर 'मी बसतो' म्हणतात. नोंद दोन्हींची हवी.